थॉर्नहिथ हाउस नेमकं कुठे होतं

थॉर्नहिथमध्ये कोणी नवा माणूस राहायला आला, की त्याला पहिला प्रश्न विचारतात, "कुठल्या खोलीत?" माणूस गोंधळतो. म्हणतो, अहो, मी अख्खं घर घेतलंय. मग त्याला सगळं समजावून सांगावं लागतं. त्याने लायब्ररी रोडवर घर घेतलं असेल तर समजावणारा किंचित वाकतो. बॉलरूम अ‍ॅव्हेन्यूवर घेतलं असेल तर हसतो. आणि स्कलरी क्लोजमध्ये घेतलं असेल तर, "अरे वा, तिथून बसस्टॉप फार जवळ," एवढं बोलून हवेचा विषय काढतो. स्कलरी म्हणजे मोठ्या घरातली भांडी घासायची जागा. आपल्या भाषेत सरळ मोरी.

या सगळ्याचं मूळ असं. तिसरा जॉर्ज इंग्लंडच्या गादीवर असताना सर जोसाया क्रंडल नावाच्या गृहस्थाने आरमाराला खारवलेलं डुकराचं मांस पुरवून अमाप पैसा केला. मांस खलाशांना बाधलं, पैसा जोसायाला बाधला नाही. त्याने समुद्राकाठच्या माळावर थॉर्नहिथ हाउस बांधलं. कोणी राजपुत्र हवापालटाला येणार अशी आवई उठली होती, तेवढ्यासाठी त्याने नाचघर दुप्पट केलं. राजपुत्र काही आला नाही. पुढच्या क्रंडलांनी नाचघरात कांदे वाळत घातले, छपराकडे दुर्लक्ष केलं, आणि शेवटच्या क्रंडलने बुरशीने खाल्लेलं ते घर पाडून दगड विकून टाकले. गावाची समुद्रकाठची भिंत त्याच दगडांची आहे. भोवतीच्या सगळ्या माळावर सलगम पेरले.

पहिलं महायुद्ध संपून थोडी वर्षं झाल्यावर स्टॅनली गॅड नावाच्या बिल्डरने ही सलगमाची शेतं घेतली आणि त्यावर बुटके बंगले बांधले. 'वाड्यात राहायला या,' अशी जाहिरात केली आणि रस्त्यांना जुन्या घरातल्या खोल्यांची नावं दिली. कुठली खोली कुठे होती हे स्टॅनलीला ठाऊक नव्हतं आणि त्याला त्याचं सोयरसुतकही नव्हतं. समुद्र दिसतो ते रस्ते महाग, त्यांना लायब्ररी आणि नाचघर. गॅसच्या टाकीकडचे स्वस्त, त्यांना स्वयंपाकघर, मोरी आणि कोळशाची खोली. संपला हिशेब. मधल्या एका सपाट तुकड्यावर पाया खणायला गेले तेव्हा मजुरांच्या कुदळी मोडल्या. स्टॅनलीने वैतागून त्यावर माती ओतली, गवत लावलं आणि बोल्सचा क्लब काढला. बोल्स म्हणजे गवतावर लाकडी गोळे घरंगळवत न्यायचे, आणि कोणाचा गोळा जवळ गेला यावरून अतिशय सभ्यपणे भांडायचं. सगळा माळ मऊ मातीचा असताना एवढाच तुकडा दगडाचा का, हे स्टॅनलीने विचारलं नाही. नंतरही कोणी विचारलं नाही. जिल्ह्याच्या कचेरीत जुने नकाशे आहेत म्हणतात. थॉर्नहिथ इतिहास मंडळाचं ते बघायला जायचं कैक वर्षांपासून ठरतंय, पण तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही.

तर अशा रीतीने एका बिल्डरच्या लबाडीवर तीन पिढ्यांनी आपली अब्रू बांधली. लायब्ररी रोडवरच्या मुलीचं नाव कोळशाच्या गल्लीतल्या मुलाशी जोडलं गेलं की तिची आई आठवडाभर डोकं धरून बसायची. हसू नका. त्या बाईचं डोकं खरंच दुखायचं.

डेस्मंड हॉबडेन जन्मला स्कलरी क्लोजमध्ये आणि अजून तिथेच राहतो. समुद्रात गेलेल्या धक्क्यावर, म्हणजे पियरवर, नाणं टाकून खेळायची यंत्रं असतात ना, ती दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं. बायको मात्र त्याने लायब्ररी रोडवरून आणली. आणली म्हणजे जोन आपल्या पायांनी आली. आईबाप लग्नाला आले आणि गप्प बसले. थोरली बहीण हिलरी राखाडी रंगाचा पोशाख घालून आली, आणि फोटोच्या वेळी, "मला गाडी पकडायचीय," म्हणून निघून गेली. तिचं घर चर्चपासून चालत पाच मिनिटांवर होतं.

हिलरी व्हेनेस मुलींच्या शाळेत उपमुख्याध्यापिका होती. लग्न केलं नाही. आईबाप गेल्यावर लायब्ररी रोडचं घर तिच्याकडे आलं, आणि पुढे इतिहास मंडळाचं अध्यक्षपदही. दर ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी ती गावाला 'थॉर्नहिथ हाउसची फेरी' घडवायची. सुरुवात तिच्या दारातून. "आपण आता लायब्ररीत उभे आहोत," असं ती म्हणायची तेव्हा लोक नकळत आवाज खाली आणत. मग नाचघर, मग बैठकीची खोली. स्कलरी क्लोजमध्ये फेरी कधी गेली नाही. वाटेत चढ आहे, असं कारण होतं.

डेस्मंडचा जीव होता तो हिरवळीत. क्लबचं गवत सांभाळायचं काम त्याने लग्नाच्या वर्षी पत्करलं. पगार शून्य, कौतुक त्याहून कमी. सकाळी तो नि जोन मिळून रूळ ओढायचे, तण काढायचे, पॅव्हिलियनच्या पायरीवर बसून थर्मासमधला चहा प्यायचे. पोरं झाली नाहीत. हिरवळ होती.

मग शहात्तर सालचा उन्हाळा आला. त्या वर्षी इंग्लंडात पाऊस पडतच नाही म्हटल्यावर लोकांना बोलायला विषय उरला नाही. बागांना पाइपने पाणी द्यायला बंदी, बागा वाळल्या. एका सकाळी पॅव्हिलियनच्या छपरावरचं घड्याळ बंद पडलं म्हणून डेस्मंड शिडी लावून वर गेला, आणि तिथूनच त्याने जोनला हाक मारली. ती वर आली. खाली पिवळ्या पडत चाललेल्या गवतावर आणखी फिकट, पांढुरक्या रेघा उमटल्या होत्या. सरळ भिंती, काटकोन, जिन्याची जागा. जमिनीखाली दगड असला की त्यावरचं गवत आधी वाळतं. अख्खं घर कागदावर काढल्यासारखं खाली पडलं होतं.

"थॉर्नहिथ हाउस," जोन म्हणाली.

"म्हणजे लायब्ररी रोडखाली..."

"सलगम."

डेस्मंड हसायला लागला. हसता हसता त्याला घड्याळाच्या खांबाला धरावं लागलं. जोन हसत नव्हती.

"हिलरीने हे पाहिलं तर ती मरेल," ती म्हणाली.

"मरत नाही गं. चिडेल."

"तिच्याकडे दुसरं काय आहे, डेस्मंड? नवरा नाही, पोर नाही. एक लायब्ररी आहे, तीसुद्धा नाही म्हणून सांगायचं?"

"ती तुझ्या लग्नाच्या फोटोत नाही, जोन."

"माहितीय मला. बादली आण."

त्या दिवसापासून आंघोळीचं पाणी, भांड्यांचं पाणी, बटाटे उकडलेलं पाणी, सगळं हिरवळीवर. रेघा गेल्या. नंतर जेव्हा जेव्हा उन्हाळा कडक पडला तेव्हा दोघांनी हेच केलं. थॉर्नहिथची हिरवळ जिल्ह्यात नावाजली. वर्तमानपत्रवाल्याने रहस्य विचारलं तेव्हा डेस्मंड म्हणाला, "प्रेम." तो खरंच बोलत होता, पण छापून आलं ते खताविषयी.

चार वर्षांपूर्वी जोन गेली. शेवटी इस्पितळात तिने डेस्मंडचा हात धरून सांगितलं, "हिरवळीकडे बघ हं." नर्सला वाटलं, किती साधी बाई, जाताना बागेची काळजी. डेस्मंड म्हणाला, "बघतो." वचनच झालं ते.

आणि आता, दोन हजार बावीस सालच्या उन्हाळ्यात, त्या वचनावर गदा आली. क्लबची जमीन अजून गॅडांचीच होती. भाडेपट्ट्याची मुदत सप्टेंबरात संपत होती, आणि स्टॅनलीचा पणतू पियर्स गॅड तिथे सहा मजली फ्लॅट बांधणार होता. नाव 'क्रंडल कोर्ट'. पियर्स स्वतः येऊन सगळ्यांना अगदी मनापासून सॉरी म्हणून गेला. क्लबने सभा घेतली आणि त्याच्या सौजन्याबद्दल आभाराचा ठराव केला. निषेधाचा ठराव वेळेअभावी राहिला.

नगरपालिकेच्या जुन्या वास्तू बघणाऱ्या बाई, न्गोझी ओकोरो, एकदा येऊन गेल्या. हुशार आणि सरळ बोलणारी बाई. डेस्मंडला त्या म्हणाल्या, "मिस्टर हॉबडेन, म्हातारी माणसं इथे गोळे खेळतात, म्हणून मी बांधकाम थांबवू शकत नाही. जमिनीत काही ऐतिहासिक असेल तर गोष्ट वेगळी. पण ते घर वर लायब्ररी रोडला होतं ना?"

"असं म्हणतात," डेस्मंड म्हणाला.

"मग मी काय करू?"

क्लबचा कप्तान बर्नार्ड पिलबीम, निवृत्त खाटीक, शेजारी उभा होता. बाई गेल्यावर तो म्हणाला, "बघ, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असा मामला आहे. आणि आपल्याकडे बाप नाही. श्राद्धाला सँडविच कसले ठेवायचे तेवढं सांग."

डेस्मंड हिरवळीकडे वळला. त्या वर्षीही पाऊस बेपत्ता होता, पाइप लावायला बंदी होती, आणि त्याच्या हातात बादली होती. आंघोळीचं पाणी. बाप तिथेच होता, पायाखाली. नुसतं पाणी थांबवलं की दिसला असता. पण मग हिलरीलाही दिसला असता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

दर रविवारी दुपारी डेस्मंड हिलरीकडे जेवायला जायचा. जोन गेल्यावर हे सुरू झालं. कोणी कोणाला बोलावलं हे दोघांनाही सांगता आलं नसतं. हिलरी मटण राखाडी होईपर्यंत भाजायची. जेवणाच्या टेबलासमोर भिंतीवर थॉर्नहिथ हाउसचं जुनं छापील चित्र होतं, समुद्राच्या बाजूने दिसणारं, एका टोकाला अर्धगोल फुगलेली खोली. "ती लायब्ररी," असं हिलरी प्रत्येक रविवारी सांगायची, जणू मागच्या रविवारी ती दुसरीकडे होती.

त्या रविवारी डेस्मंडने मनाचा हिय्या केला.

"हिलरी, समजा, घर दुसरीकडेच असलं तर?"

"दुसरीकडे म्हणजे कुठे?"

"म्हणजे... थोडं इकडेतिकडे."

"घरं इकडेतिकडे नसतात, डेस्मंड. माणसं असतात. मटार घे."

त्याने मटार घेतले. एवढ्या वर्षांची मेव्हणी, पण तिच्यापुढे तो अजून यंत्र दुरुस्त करायला मागच्या दाराने आल्यासारखाच बसायचा.

"क्लबचं ऐकून वाईट वाटलं मला," हिलरी थोड्या वेळाने म्हणाली. ती ताटाकडे बघत होती. "खरंच वाईट वाटलं. जोन रमायची तिथे. यंदा फेरीनंतरचा चहा तुमच्या पॅव्हिलियनमध्ये ठेवू या म्हणते. निरोपाचा. त्या नगरपालिकेच्या बाईंनाही बोलावलंय, त्यांना बिचाऱ्यांना इतिहास ठाऊक नाही."

"नको," डेस्मंड म्हणाला.

"काय नको?"

"म्हणजे, तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला? बिस्किटं मी आणीन."

डेस्मंड घरी आला आणि कोट न काढताच खुर्चीत बसला. हिलरी वाईट असती तर किती सोपं झालं असतं! ती नेमकी आत्ताच चांगली वागत होती. त्याने जोनच्या फोटोला विचारलं, काय करू. जोनने उत्तर दिलं नाही. जिवंतपणी तरी कुठे लगेच द्यायची?

उत्तर पियर्स गॅडने दिलं. मंगळवारी त्याची माणसं जमीन मोजायला आली आणि हिरवळीवर लोखंडी खुंट्या ठोकू लागली. टोकाला गुलाबी रंग लावलेल्या. एक पोरगेलासा माणूस हिरवळीच्या मधोमध हातोडा मारत होता आणि खुंटी वाकत होती.

"इथे जरा कडक आहे हो, काका," तो म्हणाला.

"हो," डेस्मंड म्हणाला. "जरा कडक आहे."

त्याने हातभर सरकून पुन्हा ठोकली. ती गेली. डेस्मंडने ते पाहिलं. ज्या गवतावर त्याने कधी टाचेचा बूट येऊ दिला नव्हता, त्यात लोखंड. इथे फ्लॅट झाले तर वचन पाळून तरी काय पाळलं? हिरवळीकडे बघ म्हणाली होती ती, गाडीतळाकडे बघ म्हणाली नव्हती. त्याने त्या दिवशी पाणी घातलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

गवताने आधी विश्वासच ठेवला नाही. नंतर ते पिवळं पडलं, मग तपकिरी. दर मंगळवारी खेळणाऱ्या बायका कुजबुजू लागल्या. बर्नार्डने त्याला बाजूला घेतलं.

"अरे म्हाताऱ्या, तुझी तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग हे काय चालवलंयस? जायचंय तर ऐटीत जाऊ. पियर्सला वाटेल आपणच शरण गेलो."

"थोडं थांब, बर्नार्ड."

"कशासाठी थांबू? जोन असती तर तुझे कान उपटले असते तिने."

तेवढं मात्र खरं होतं, आणि ते डेस्मंडला फार लागलं. तो औजारांच्या खोलीत गेला आणि गवत कापायच्या यंत्राशेजारी बसून रडला. मग बाहेर येऊन बर्नार्डला म्हणाला, धूळ गेली डोळ्यात. बर्नार्डने, हो, फार धूळ आहे यंदा, म्हणून त्याला आपला रुमाल दिला.

फेरीच्या आदल्या दिवशी डेस्मंड शिडीने छपरावर चढला. घर आलं होतं. तपकिरी गवतावर खडूने आखल्यासारखं, शहात्तर सालापेक्षाही स्पष्ट. जिना, नाचघर, समुद्राच्या बाजूची ती गोल खोली. जमिनीवर उभं राहिलं तर नुसते चट्टे वाटायचे, पण वरून पाहणाऱ्याला शंका उरली नसती. ओकोरोबाईंना उद्या वर चढवायचं, हिलरी आत चहा ओतत असताना, असं त्याने ठरवलं. तेवढाच वचनाचा मान. हिलरीला नंतर कधीतरी कळेल, वर्तमानपत्रातून वगैरे, आणि आपण तेव्हा समोर नसू. भित्रा बेत होता. पण दुसरा सुचला नाही.

शनिवारी फेरी नेहमीसारखी निघाली. हिलरी पुढे, मजबूत बूट घालून, मागे सगळं थॉर्नहिथ, आणि त्यात ओकोरोबाई. लायब्ररीत आवाज खाली आले, नाचघरात कोणीतरी हसलं. चहाच्या वेळेला सगळे क्लबच्या फाटकातून आत आले आणि गवत बघून गप्प झाले.  दुसऱ्याच्या गवतावर बोलणं म्हणजे त्याच्या बायकोवर बोलण्यासारखं.

हिलरी मात्र थांबली. ती एका फिकट पट्ट्याजवळ गेली. त्या पट्ट्याच्या कडेकडेने चालू लागली. पट्टा वळला तशी वळली. वर्तुळाचा अर्धा भाग चालून झाल्यावर ती उभी राहिली आणि समुद्राकडे बघत राहिली. 

"डेस्मंड," ती म्हणाली, "घड्याळाची शिडी कुठे आहे?"

"हिलरी, तुम्ही नका."

"शिडी धर."

त्याने शिडी लावली. एकोणऐंशी वर्षांची बाई हातातली पिशवी त्याच्याकडे देऊन शिडी चढू लागली. खाली तीसेक माणसं उभी होती. तिला अडवलं असतं तर तमाशा झाला असता, म्हणून सगळ्यांनी बिस्किटांची चौकशी सुरू केली. ओकोरोबाईंनी तेवढी शिडीची दुसरी बाजू धरली.

हिलरी वर बराच वेळ उभी होती. वाऱ्याने तिचे केस विस्कटले तरी तिने ते सारखे केले नाहीत. मग ती एकेक पायरी मोजून खाली आली, पिशवी परत घेतली, आणि शाळेतल्या प्रार्थनेनंतर बोलायची तशी बोलली.

"मंडळी, एक लहानशी दुरुस्ती आहे. थॉर्नहिथ हाउस इथे होतं. तुम्ही आत्ता नाचघरात उभे आहात. मिस्टर पिलबीम, तुम्ही जिन्यात आहात, जरा बाजूला व्हा."

बर्नार्ड बाजूला झाला.

"लायब्ररी ती तिकडे, गोल बाजूची. आपण जिथून निघालो तिथे, म्हणजे माझ्या घरी, तेव्हा बहुधा शेणखताचा ढीग असावा. मी आजवर तुम्हाला चुकीचं सांगत आले. त्याबद्दल दिलगीर आहे. चहा आत आहे."

बॉलरूम अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका गृहस्थांनी हात वर केला. "म्हणजे आमच्या नाचघराच्या जागी नेमकं...?"

"सलगम," हिलरी म्हणाली.

"पण रस्त्याचं नाव राहील ना?"

"नाव राहील."

ते गृहस्थ समाधानाने चहाला गेले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ओकोरोबाई एव्हाना छपरावर होत्या. त्यांनी फोटो काढले, फोन लावले, पुन्हा फोटो काढले. खाली आल्यावर त्यांनी डेस्मंडचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मिस्टर हॉबडेन, कागदपत्रांना वेळ लागेल. पण इथे आता कोणी पाया खणत नाही. मी खणू देणार नाही." बर्नार्डने ते ऐकलं आणि एकदम खाली बसला, थेट जिन्यात. मग उठून त्या गुलाबी खुंट्या एकेक करून उपटू लागला. चार बायका त्याला मदत करू लागल्या.

हिरवळ वाचली होती. डेस्मंडला आनंदाने ओरडावंसं वाटायला हवं होतं. त्याने दोन कप चहा घेतला आणि हिलरीजवळ जाऊन बाकावर बसला. तिने कप घेतला.

"गवत परत येईल का?"

"येईल. मुळं जिवंत आहेत."

"तुला हे कधी कळलं?"

"याच उन्हाळ्यात," डेस्मंड म्हणाला. "पाणी घालायचा कंटाळा केला, आणि बघतो तर हे."

"आणि जोनला?"

"जोनला काय ठाऊक असणार?"

हिलरीने चहाचा एक घोट घेतला. आत कोणीतरी कपबशी फोडली आणि चारपाच जणांनी एकदम माफी मागितली.

"शहात्तर साली," ती म्हणाली, "सगळ्या जिल्ह्यात हिरवं पान नव्हतं. एक हा तुकडा सोडून. माझी बहीण आंघोळीच्या पाण्याच्या बादल्या घेऊन भर रस्त्याने जायची. कपडे ओले, केस पिंजारलेले. मी चर्चच्या दारात, सगळ्यांसमोर, म्हणाले तिला, मोरीत दिली तर अगदी मोरीतलीच झालीस की गं. लोक हसले. मीही हसले."

डेस्मंडला हे माहीत नव्हतं. जोनने कधी सांगितलं नव्हतं.

"काय म्हणाली ती?"

"काही नाही. बादली या हातातून त्या हातात घेतली आणि पुढे गेली." हिलरी डेस्मंडकडे वळली. "तुला खोटं बोलता येत नाही, डेस्मंड. कधीच येत नव्हतं. माझ्यासाठी करत होती ना ती ते?"

डेस्मंडने हिरवळीकडे पाहिलं.  हिलरी रडायला लागली. लपवून नाही, तोंड फिरवून नाही. सगळं थॉर्नहिथ खिडकीतून बघत असताना, कप हातात धरून, मोठ्याने. डेस्मंडला काय करावं कळेना. एवढ्या वर्षांत त्याने तिच्या अंगाला कधी हात लावला नव्हता. त्याने तिचा कप काढून घेतला आणि तिचा हात धरला. तो लहान होता, जोनच्या हातासारखाच.

"कुठे घालायची ती पाणी?" हिलरीने बऱ्याच वेळाने विचारलं. "दाखव मला. कुठल्या भागात?"

"सगळीकडेच. अख्ख्या घराला," डेस्मंड म्हणाला. "लायब्ररीला रोज दोनदा. तिथल्या रेघा फार लवकर वर यायच्या."